आवक-जावक

२००५ सालच्या पावसाळ्यात मी अकरा रात्री घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात काढल्या. आजारी मी नव्हतो. आजारी होते आमचे तात्या, माझे धाकटे चुलते. मी फक्त त्यांच्या उशाला बसायला गेलो होतो. पण उशाला बसणं हेसुद्धा एक काम असतं आणि ते करताना माणूस चुकला तर काय होऊ शकतं, हे मी तिथं शिकलो.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. भात, नाचणी आणि मुंबई ही आमची तीन पिकं. पहिल्या दोन पिकांवर पोट भरतं, तिसऱ्यावर बाकीचं सगळं होतं. घराघरातला एकतरी गडी मुंबईला. कुणी गिरणीत होता, कुणी गोदीत, बरेचसे माथाडी. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर आमच्या गावाची एक खोली होती. दहा बाय बाराची. तिच्यात एका वेळी सोळा-अठरा माणसं राहायची. रात्रपाळीची माणसं दिवसा झोपायची, दिवसपाळीची रात्री. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि भिंतीला एक खिळा, एवढी ज्याची त्याची इस्टेट. तात्या त्या खोलीत पंधरा वर्षं राहिले. कुर्ला-अंधेरी रस्त्याला जरीमरीच्या बाजूला एक गोदाम होतं, तिथल्या टोळीत ते बदली हमाल होते.

त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला ते लावणीला गावी आले होते. बारा दिवस चिखलात उभं राहून त्यांच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या होत्या. कातडं पांढरं पडून भेगा पडलेल्या. काकूनं तेल-हळद लावून दिली. "हुईल बरं, तितं कुटं चिखल हाय?" असं म्हणून तात्या एसटीत बसले.

आणि २६ जुलैचा मंगळवार उजाडला.

आम्हा कोयनेच्या लोकांना पावसाचं नवल नाही. पण सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, हा आकडा ऐकून आमच्याकडची म्हातारी माणसंही गप्प झाली. लोकल बंद, वीज बंद, साकीनाक्याला दरड कोसळून माणसं गाडली गेली. मिठी नदी जरीमरीच्या रस्त्यावर आली. तात्या त्या रात्री गोदामातच पोत्यांच्या थप्पीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी छातीएवढ्या पाण्यातून चालत साकीनाक्यावरून असल्फ्याला आले. पाण्यात काय काय होतं ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. "म्हशी हुत्या," एवढंच म्हणाले. मग पाणी ओसरल्यावर आठवडाभर भिजलेला, कुजलेला माल उपसायचं काम लागलं. मजुरी दुप्पट होती. तात्यांनी एक दिवस खाडा केला नाही.

चार ऑगस्टला त्यांना थंडी वाजून ताप आला. वस्तीतल्या एका डॉक्टरनं मलेरिया म्हणून गोळ्या दिल्या. त्या दिवसांत घरटी ताप होता, त्या बिचाऱ्यानं तरी काय काय ओळखावं? चौथ्या दिवशी तात्यांचे डोळे आधी लाल आणि मग पिवळे झाले. पोटऱ्या इतक्या दुखायला लागल्या की हमाली करणारा गडी खोलीच्या पायऱ्या बसून बसून उतरला. खोलीवाल्यांनी त्यांना रिक्षात घालून राजावाडीला नेलं. गावातल्या दुकानात फोन होता, त्यावर निरोप आला, "कुणीतरी घरचं माणूस पाठवा."

आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाय निघत नव्हता. वरच्या खाचराची लावणी राहिलेली, त्यात काकूच्या दोन लहानग्यांचं बघायचं. अण्णा मला म्हणाले, "तू जा. कालेजात जातुयास, तितलं लिव्हल्यालं तुला वाचता यील." मी एकवीस वर्षांचा होतो, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. काकूनं डब्यात भाकरी आणि चटणी बांधली. मी रात्रीची गाडी धरली. पहाटे कुर्ल्याच्या नेहरूनगरला उतरलो, तिथून स्टेशन गाठून लोकलनं विद्याविहारला आलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना भिजलेल्या गाद्या आणि कपाटांचे ढीग तसेच पडलेले होते. सगळ्या हवेला कुजका वास होता.

मेडिसिनचा पुरुषांचा वॉर्ड. मी दारात उभा राहून तात्यांना शोधत होतो आणि ते मला दिसत नव्हते, कारण मी काळासावळा, दणकट माणूस शोधत होतो. खाटेवर पिवळा पडलेला एक म्हातारा झोपला होता. त्यानं हात वर केला तेव्हा मनगटावरच्या गोंदणावरून मला ओळख पटली. तात्यांचं वय तेव्हा अडतीस होतं.

"लावनी झाली का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

आजाराचं नाव लेप्टोस्पायरोसिस. वॉर्डात सगळे नुसतं 'लेप्टो' म्हणायचे. २६ जुलैनंतरच्या त्या ऑगस्टात मुंबईच्या रुग्णालयांमध्ये हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता. मी पुढं त्याच्याबद्दल वाचलं. १८८६ साली आडोल्फ वाइल नावाच्या जर्मन डॉक्टरनं या आजाराच्या कडक प्रकाराचं वर्णन करून ठेवलं होतं. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतून हा जंतू पाण्यात आणि चिखलात येतो आणि माणसाच्या कातडीला भेग असली की आत शिरतो. कोकणात भातखाचरात उतरणाऱ्यांनाही होतो. बहुतेकांना नुसता ताप येऊन जातो, काहींच्या मात्र काविळीसकट मूत्रपिंडावर आणि फुप्फुसावर उतरतो. तात्यांच्या बाबतीत भेग आमच्या शेतातली होती आणि पाणी मुंबईचं होतं.

औषध म्हणजे दर सहा तासांनी शिरेतून पेनिसिलिन. ते सिस्टर द्यायच्या. बाकीचं काम माझं. रात्रपाळीच्या सिस्टर केरळच्या होत्या. घाटकोपरला त्यांची बरीच वर्षं झालेली, मराठी स्वच्छ बोलायच्या, फक्त क्रियापदं आपल्या सोयीनं लावायच्या. पहिल्याच रात्री त्यांनी मला एक मापाचा प्लास्टिकचा जार दिला, आखलेला एक कागद दिला आणि म्हणाल्या, "हे आय-ओ चार्ट. पेशंट काय पितो ते इकडे. चहा, पाणी, डाळीचं पाणी, सगळं. सलाईन मी लिहिणार. लघवी किती झाली ते इकडे. उलटी झाली तर तेपण. टाइम लिहायचं, एमएल लिहायचं. समजलं?"

मला लगेच समजलं. आमच्याकडं पावसाळ्यात रेडिओवर रोज कोयना धरणाचं सांगतात. आज पाण्याची आवक इतकी, विसर्ग इतका. खोऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा टीएमसी आणि क्युसेकमध्ये बोलतं. हे त्यातलंच होतं. फक्त इथं धरण म्हणजे तात्या.

मी पॉट धरायचो, जारमध्ये ओतायचो, जार दिव्याकडं धरून रेघ बघायचो, लिहायचो आणि कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन ओतून यायचो. लघवी गुळाच्या पाण्यासारखी, काळपट. तात्यांना फार लाज वाटायची. पुतण्यानं आपली लघवी मोजावी, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरत नव्हती. तोंड भिंतीकडं करून म्हणायचे, "काय दिस आलं रं बाबा." मी म्हणायचो, "तात्या, ल्हानपनी माझी तुमीच पुसली असंल की." त्यावर ते थोडे हसायचे.

शेजारच्या खाटेवर विशीतला एक पोरगा होता. कुर्ल्याला दुकानात कामाला. पाणी ओसरल्यावर दुकान धुताना त्याला हे दुखणं लागलं होतं. त्याच्याजवळ त्याचा बाप बसायचा, जौनपूरकडचा, सत्तरीला टेकलेला. त्याला लिहिता येत नव्हतं. पोरगा प्याला की तो सिगारेटच्या पाकिटावर कोळशानं एक उभी रेघ ओढायचा, लघवी झाली की आडवी. किती एमएल ते माझ्याकडून जार वाचून घ्यायचा. पहिल्याच रात्री म्हणाला, "बाबू, हमरा भी लिख दो." म्हणून मी दोन कागद सांभाळायला लागलो. एक तात्यांचा, एक त्याच्या पोराचा. मी चहा आणायला गेलो की तो तात्यांकडं बघायचा, तो गेला की मी त्याच्या पोराकडं. वॉर्डातली सगळीच माणसं अशी एकमेकांना बांधलेली असतात. वॉर्डबॉय सगळ्यांचे मामा, आयाबाई सगळ्यांच्या मावशी. तीन दिवसांत निम्मं गोत तयार होतं.

खोलीवाल्यांनी पाळ्या लावल्या होत्या. रात्रपाळी संपवून आलेला गडी सकाळी आठ ते दुपारपर्यंत बसायचा, म्हणजे मला खोलीवर जाऊन अंघोळ करून दोन तास पडता यायचं. पण खोलीत दिवसाही पाठ टेकायला जागा मिळायची ती दुसऱ्याच्या पायाशी, आणि झोप लागायची नाही. शंभर-शंभर रुपये वर्गणी काढून त्यांनी माझ्या हातात बाविसशे रुपये दिले होते. संध्याकाळी खानावळीतून डबा यायचा. दुकानातल्या फोनवर काकू रोज एकच विचारायची, "ज्येवत्यात का?" मी 'व्हय' म्हणायचो. तात्या दोन चमचे डाळीचं पाणी पीत होते.

पहिल्या दिवशी चोवीस तासांत सहाशे एमएल लघवी झाली. दुसऱ्या दिवशी साडेतीनशे. चारशेच्या खाली येणं वाईट, हे मला तरुण डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून कळलं. रक्तातलं क्रिएटिनीन एकच्या आसपास असायला हवं, ते पाचच्या वर गेलं होतं. अकरा तारखेच्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला खाटेपासून जरा लांब नेलं आणि म्हणाले, "आजच्या रात्रीची लघवी नीट मोज. सकाळी त्यावरच ठरेल. सलाईन वाढवायचं की कमी करायचं, आणि गरज पडली तर डायलिसिससाठी सायनला न्यायचं का."

सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय तिथून फार लांब नाही. पण माझ्या मनात सायन म्हणजे मरण असं बसलं होतं. आमच्या खोलीतून आजवर ज्याला सायनला हलवलं तो परत आला नव्हता, असं कुणीतरी बोलताना मी ऐकलं होतं. ते खरंही नसेल. वाईट अवस्थेतल्या माणसालाच पुढं हलवतात, म्हणून लोकांना तसं वाटतं. पण मध्यरात्री उशाला बसलेल्या पोराला एवढा विचार सुचत नाही.

ती माझी जागरणाची तिसरी रात्र होती. दीड वाजता चाळीस एमएल झाली. मी लिहिली. शेजारच्या पोराला खोकला लागला होता, त्याचा बाप त्याची पाठ चोळत होता. मी खाटेच्या लोखंडी दांड्याला डोकं टेकलं.

जाग आली तेव्हा समोरच्या घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पॉट खाटेखाली आडवा पडला होता. फरशी ओली होती. तात्या डोळे मिटून पडले होते.

किती सांडली? फरशी उताराची, ओल पार पलीकडच्या खाटेपर्यंत गेलेली. वाटीभरसुद्धा असेल, तांब्याभरसुद्धा. पॉटात आधीचं धुतलेलं पाणी राहिलं असेल तर नुसतं तेच असेल. मी पंचा टाकून फरशी पुसली. मग कागद घेतला. कमी लिहिलं तर सायन. जास्त लिहिलं तर कुणाला पटणार नाही. मी मधला आकडा काढला. 'साडेतीन वाजता, दीडशे एमएल.' अक्षर मुद्दाम आधीच्या अक्षरासारखं काढलं. परीक्षेत कॉपी करतानासुद्धा माझा हात इतका थंड पडला नसता.

पाचच्या सुमाराला शेजारच्या पोराची धाप वाढली. खोकल्यातून रक्त आलं. डॉक्टर धावत आले, सिस्टर आल्या, पडदा ओढला. मग मामांनी त्याला खाटेसकट बाहेर नेलं. बाप मागोमाग धावला, त्याच्या एका पायात चप्पल नव्हती. ती मी हातात घेऊन कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेलो, पण तो कुठं वळला ते दिसलं नाही.

सहा वाजता तो परत आला. काही बोलला नाही. पोराची चादर, एक स्टीलचा पेला, मोसंब्यांची पिशवी असं एकेक उचलायला लागला. सिगारेटचं ते पाकीट उशीखाली होतं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं आणि माझ्याकडं धरून विचारलं, "बाबू, इसमें कुछ गलत तो नहीं लिखा था न?"

मी 'नहीं' म्हणालो. ते खरं होतं. त्याच्या पोराचा एकही आकडा मी चुकवला नव्हता. त्याच्या बापानं एकही रेघ चुकवली नव्हती. तरी पोरगा गेला. आजार फुप्फुसात उतरला होता, तिथं कुणाच्या रेघांचा इलाज नव्हता. जाताना त्यानं मोसंब्यांची पिशवी तात्यांच्या खाटेवर ठेवली. मी ती परत द्यायला उठलो तर हातानंच 'राहू दे' म्हणाला.

मी कागद घेऊन सिस्टरांच्या टेबलापाशी गेलो. त्यांची पाळी संपत आली होती, त्या पुढच्या पाळीसाठी लिहीत होत्या.

"सिस्टर, साडेतीनची नोंद खोटी आहे."

त्यांनी मान वर केली. "म्हणजे?"

"मी झोपलो होतो. पॉट सांडला होता. किती होती ते मला माहीत नाही."

"किती वेळा केला असं?"

"एकदाच."

मला वाटलं त्या ओरडतील. वॉर्डात नातेवाइकांवर ओरडताना मी त्यांना ऐकलं होतं. पण त्यांनी लाल पेन उचललं, माझ्या दीडशेवर एक सरळ रेघ मारली आणि पुढं इंग्रजीत लिहिलं, 'मोजली नाही'. मग म्हणाल्या, "झोप आला तर मला सांगायचं. मी मामाला बसवते. सगळे झोपतात, मीपण माणूस आहे. पण माहीत नाही तर माहीत नाही लिहायचं. तू दीडशे लिहिलं, डॉक्टर समजणार किडनी चालते. सलाईन वाढवणार. लघवी होत नाही, मग ते पाणी कुठे जाणार? छातीत जाणार. मग?"

त्यांची नजर शेजारच्या रिकाम्या जागेकडं गेली. त्या पोराचं दुखणं वेगळं होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तरी त्या पुढं काही बोलल्या नाहीत.

राउंडला आलेल्या डॉक्टरांना त्यांनीच सांगितलं, "रात्रीचं आउटपुट भरोशाचं नाही." माझं नाव घेतलं नाही. डॉक्टरांनी तात्यांना उठवून बसवलं, पाठीला बराच वेळ स्टेथोस्कोप लावला, घोटे दाबून बघितले. पाठीला खाली आवाज येत होता. त्यांनी सलाईनचे थेंब कमी करायला सांगितले, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, पुन्हा रक्त तपासायला पाठवलं आणि लघवीची नळी टाकून पिशवी लावली. "आता थेंब न् थेंब दिसेल," ते म्हणाले. दीडशेच्या आकड्यावर विसंबून सलाईन वाढवलं असतं तर काय झालं असतं, हे मी त्यांना विचारलं नाही. आजही मला ते नेमकं माहीत नाही. काही झालंही नसतं कदाचित. पण मी तसा विचार करून स्वतःला सोडवत नाही.

त्या दिवशी, बारा तारखेला, चोवीस तासांत साडेचारशे झाली. सायनला न्यायचं एक दिवस लांबलं. तेराला नऊशे. त्या रात्री मी दर तासाला उठून पिशवीवरची रेघ बघत होतो. पिवळा रंग जरा पातळ झाल्यासारखा वाटत होता. सकाळी सिस्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "वाटतं असं नको. रिपोर्ट येऊ दे." रिपोर्टमध्ये क्रिएटिनीन उतरलं होतं.

पंधरा ऑगस्टला सोमवार होता. सुट्टी म्हणून खोलीतली निम्मी माणसं भेटायला आली. खालून एकावेळी दोघांनाच सोडत होते, म्हणून ती दोन-दोन करून वर आली. बाहेर कुठंतरी शाळेत झेंडावंदनाचं गाणं चाललं होतं. त्या दिवसाचा आकडा दोन हजार दोनशे. आजार उतरणीला लागला की मूत्रपिंडं अशी भराभरा लघवी सोडतात, आता उलट पाणी आणि क्षार कमी पडू नयेत म्हणून बघावं लागतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. खोलीतल्या सगळ्यात थोरल्या आबांना मी कागद दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आकडा ऐकून ते म्हणाले, "मंजी कोयनंचं दार उगाडलं म्हनायचं!" वॉर्डात आम्ही इतक्या मोठ्यानं हसलो की मावशी रागावल्या. लघवी झाली म्हणून अठरा माणसं आनंदानं चहा पितात, हे बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटायचं नाही. त्या दिवशी संध्याकाळी फोनवर काकूनं 'ज्येवत्यात का' विचारलं आणि मी पहिल्यांदा खरं 'व्हय' म्हणालो.

वीस तारखेला घरी सोडलं. नाक्यानाक्यावर गोविंदा पथकांचा थरांचा सराव चालला होता. कागदपत्रं घेताना मी सिस्टरांना शोधलं, पण त्यांची पाळी रात्रीची होती. मोसंबी मात्र कुणी खाल्ली नाहीत. पिशवी तशीच खाटेखाली होती. मावशींनी विचारलं, "ही घेऊ का रे?" मी 'घ्या' म्हणालो.

त्यानंतर तात्या मुंबईला परत गेले नाहीत. खोलीवरची त्यांची पेटी गणपतीला गावी आली. मी पुढं शिक्षक झालो. गावात कुणाला मुंबईला दवाखान्यात न्यायचं असलं की माझ्याकडं येतात. गेल्या वीस वर्षांत बरंच बदललं आहे. २ जुलै २०१२ पासून जीवनदायी योजना सुरू झाली, पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत मुंबई शहर आणि उपनगर होतं. पुढच्या वर्षी ती सगळ्या राज्यात आली आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावानं चालते. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात ठेवाव्या लागतात, हेही आता गावात ठाऊक झालं आहे. दर पावसाळ्यात मुंबई महापालिका सांगते की साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. तेव्हा तात्यांना हे कुणी सांगितलं असतं आणि मजुरी दुप्पट असताना ते दवाखान्यात गेले असते का, देव जाणे.

मी जाणाऱ्याला रेशनकार्ड, आधारकार्ड, जुने रिपोर्ट, पांघरूण, पेला असं सगळं घ्यायला सांगतो. शेवटी एक वही आणि पेन देतो. डॉक्टर काय म्हणाले, काय खाल्लं, किती लघवी झाली, ताप किती वाजता आला ते लिहायचं. आणि एक बजावतो. जे बघितलं नाही ते लिहायचं नाही. झोप लागली तर 'झोपलो होतो' असं लिहायचं. उशाला बसणारा माणूस डॉक्टरचे डोळे असतो. डोळे मिटले तर मिटले म्हणून सांगावं. लोकांना वाटतं हा मास्तरकीचा चावटपणा आहे. मी कारण सांगत नाही.

तात्यांनाही मी ते कधी सांगितलं नव्हतं. दोन-तीन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत आम्ही बांधावर भाकरी खात बसलो होतो. रेडिओची जागा आता मोबाइलनं घेतली आहे, माझ्या मोबाइलवर धरणातली आवक आली होती. मी आकडा वाचून दाखवला. तात्या नाचणीची भाकरी मोडत म्हणाले, "आकड्यावरनं आठावलं. राजावाडीत येका रातीला तुला लई गाड झोप लागल्ती."

माझा घास हातात राहिला.

"तुमी जागं हुता?"

"जागाच की. लगवी लागल्ती. पर तीन राती झोपला नव्हतास, तुला उटवायचं जिवावर आलं. म्हनलं आपलं आपन करावं. पॉट धराया गेलो आन् हातातनं निसाटला."

मी बराच वेळ गप्प होतो. त्यांनी माझ्यासाठी मला उठवलं नाही. मी त्यांच्यासाठी खोटा आकडा लिहिला. दोघांची माया त्या रात्री एका खाटेवर होती आणि दोघांनी मिळून डॉक्टरला आंधळं करून ठेवलं होतं. मी तात्यांना सगळं सांगून टाकलं. दीडशे एमएल, सिस्टरांची लाल रेघ, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

मग मी विचारलं, "किती सांडली हुती तात्या? अंदाजानं?"

"अंधारात म्या काय मापत बसलू व्हय?" तात्या म्हणाले आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला.